आकडा माझा, हात कुणाचा?

मी एक कार्ड बोलतोय. दाराजवळ नेलं की दार उघडतं, त्यातलं. 'कार्ड कधी खोटं बोलत नाही' असं ज्याच्याबद्दल चारचौघांत ठणकावून सांगितलं गेलं, तोच मी. खोटं सोडा हो, मला बोलता येतं तरी काय? एक आकडा. बास.

प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि तिळाएवढी चिप, एवढाच माझा संसार. बॅटरीसुद्धा नाही. दाराशेजारच्या काळ्या डबीजवळ, म्हणजे रीडरजवळ नेलं की तोच मला चिमूटभर वीज देतो. तेवढ्या जोरावर मी माझा आकडा सांगतो. रीडर तो जिन्याखालच्या पेटीला कळवतो. पेटी यादी बघते, आणि आकडा यादीत असला तर दार धरून ठेवणाऱ्या चुंबकाची वीज तोडते. झालं, दार उघडलं. मग पेटी वेळ लिहिते आणि पुढे माझ्या मालकिणीचं नाव. मला हातात कुणी धरलंय, हे त्या तिघांत कुणीही बघत नाही!

माझी मालकीण मावशी. या तपासणी प्रयोगशाळेत ती अठरा वर्षं साफसफाई करते. माझ्या अंगावर तिचा फोटो आहे, त्यात तिचे डोळे मिटलेत. परत काढा म्हणाली, तर फोटोवाला म्हणे, दार उघडायला डोळे लागत नाहीत. सगळ्या खोल्या तिलाच पुसायच्या, म्हणून मी सगळी दारं उघडतो. मोठ्या डिग्रीवाल्यांची कार्डं मात्र आपापल्या मजल्यापुरती.

मग काय, ज्याला त्याला मीच हवा! सगळ्यात जास्त मागायचे ते विभागप्रमुख. स्वतःचं कार्ड हरवून चार महिने झाले होते. नव्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यात 'माझ्याकडून हरवलं' असं लिहून सही करावी लागते. तेवढं लिहायला साहेबांची बोटं झिजत होती. मावशी नाही कशी म्हणणार? फरशी पुसता पुसता ती मला गळ्यातून काढून द्यायची, आणि नंतर बादली घेऊन कुठल्यातरी बंद दारापुढे ताटकळत उभी राहायची. माझा नुसता संताप व्हायचा.

एका सकाळी साहेबांनी मला असंच नेलं आणि तिसऱ्या मजल्यावरची थंड खोली उघडली. तिथे लोकांच्या रक्ताचे नमुने ठेवतात. बाहेर पडताना दोन्ही हातांत ट्रे, परत यायचंच आहे म्हणून त्यांनी पायाने एक खोकं दारात सरकवलं. गेले ते गेलेच. दार उघडं राहिलं म्हणून रीडर बिचारा पिकपिक करून घसा फोडत होता. येणारे जाणारे म्हणाले, बिघडलाय वाटतं. दुपारपर्यंत एकशे ऐंशी नमुने वाया गेले. आता तेवढ्या माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागणार.

संध्याकाळी संचालकबाईंच्या खोलीत पेटीने लिहिलेल्या नोंदींची यादी आली. अकरा वाजून वीस मिनिटं, थंड खोली, मावशीचं नाव. कार्ड साहेबांकडे होतं, असं मावशीने सांगितलं. साहेबांना म्हणे आठवत नव्हतं. वर तेच म्हणाले, "कार्ड कधी खोटं बोलत नाही." वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी! मावशीला उद्यापासून कामावर येऊ नका असं सांगायचं जवळजवळ ठरलंच. अठरा वर्षांत माझ्या हातून काचेची एक नळी फुटली नाही, असं ती दोनदा म्हणाली. कुणी मान वर करून बघितलं नाही.

यादी छापून द्यायला आलेला दारांचा दुरुस्तीवाला तेवढा दारातच थांबला होता. त्याने कागदावर बोट ठेवलं. अकरा बावीसला तळमजल्याचं दार वॉचमनने आतून बटण दाबून उघडलंय, ते कुणासाठी? वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, मावशीसाठी. कचरा टाकून आली होती, गळ्यात कार्ड नव्हतं. हे तर रोजचंच आहे.

म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर आणि मावशी तळमजल्यावर दाराबाहेर.  साहेब पुटपुटले, घेतलं असेल मीच.

तुम्हाला वाटेल, मावशीची माफी मागितली असेल. छे! दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे एक कागद आला. 'मी माझं कार्ड कुणालाही देणार नाही, दिल्यास सर्व जबाबदारी माझी.' खाली सहीसाठी एकच रेघ. साहेब शेजारच्या खुर्चीत मोबाइल बघत बसलेले.

मावशीने अक्षर न् अक्षर वाचलं, सावकाश सही केली आणि कागद तसाच धरून ठेवला.

"देणाऱ्याची सही झाली बाई," ती म्हणाली. "घेणाऱ्याने कुठं करायची?"

 संचालकबाईंनी कागद ओढून घेतला, मावशीच्या सहीखाली हाताने दुसरी रेघ मारली आणि पेन साहेबांपुढे ठेवलं. साहेबांना मोबाइल खाली ठेवावा लागला.

मी अजून मावशीजवळच आहे. कडा झिजल्यात, फोटो पुसट झालाय, आकडा तेवढा शाबूत आहे. लोक अजूनही येता जाता हात पुढे करतात, सवय जाते थोडीच! त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचं हरवलं असेल तर हरवलं म्हणून लिहा, सही करा आणि स्वतःचं कार्ड घ्या. मावशीच्या गळ्याला हात घालू नका.