वाऱ्यावरची झोळी

लिब्बू दिवसागणिक जड होत होता आणि त्याची झोळी दिवसागणिक वर जात होती. पहिल्यांदा यावरून घरात हसूच झालं.

वाऱ्यावरची झोळी म्हणतात तिला आमच्याकडे. समोरासमोरच्या भिंतींत दोन लोखंडी कड्या, कड्यांतून ताणलेला दोर, दोरात अडकवलेली जाड चादर. खाली आईबापाचा पलंग, म्हणजे पोर पडलंच तर गादीवर पडावं. आडवं होऊन पायाच्या अंगठ्यानं झोका देता येतो. याच कड्यांना माझा नवरा झुलला, त्याचे वडील झुलले, त्यांचेही वडील. लिब्बू नवा होता तेव्हा पलंगावर बसल्या बसल्या मी त्याला झोळीतून सरळ छातीशी घ्यायची. मग केव्हातरी गुडघ्यांवर उभं राहावं लागायला लागलं.

"आगातिना, तुझं दूध वाऱ्याचं आहे की काय गं?" सासूबाई म्हणाल्या. "पोरगं पितंय आणि हलकं होतंय!"

"धुक्यानं दोर आखडला असेल, मम्मा."

"दोराला कशाला नावं ठेवतेस? तुम्हा समुद्रकाठच्यांना गाठच मारता येत नाही. तुमच्या जाळ्यात मासे राहतात तरी कसे, देव जाणे."

माझे वडील मासेमार. चालायच्या आधी मी गाठी शिकले. पण सासूशी वाद घालायला हात रिकामे लागतात, माझे कधीच नसायचे. मी दोर थोडा सैल करायची. आठवडाभरात तो पुन्हा ताठ.

काल्तारुसात, आमच्या डोंगरावरच्या गावात, हिवाळ्यात ढग खिडकीतून घरात येतात, पीठ ओलसर होतं, मीठ ओघळतं. दोर आखडतो, हे सगळ्यांना पटण्यासारखंच होतं.

माझे सासरे लिबोरिओ. आमच्यात पहिल्या नातवाला आजोबाचं नाव, म्हणून घरात लिबोरिओ दोन, धाकटा तो लिब्बू. त्यांनी गावच्या शाळेत जन्मभर इतिहास-भूगोल शिकवला. गाव त्यांना मास्तरच म्हणे. निवृत्त झाल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही, मग ते झोळीपाशी खुर्ची ओढून नातवाला शिकवू लागले. ते बोलायला लागले की लिब्बू मूठ चोखायचं थांबवायचा.

"आपलं गाव म्हणजे काय, लिब्बू? मातीच्या गाढवावर बसलेला दगडाचा स्वार. वर दगड, खाली चिकणमाती. पाऊस दगडातून झिरपतो, मातीपाशी अडतो, मग फटीतून बाहेर येतो. तो आपला झरा. झरा तिथं बायका, बायका तिथं पुरुष, आणि पुरुष जमले की भांडणं. झालं गाव."

मग ओळीनं सगळे यायचे. आधी सिकानी, मग सिकुली, ही या बेटावरची सगळ्यात जुनी माणसं. मग खाली किनाऱ्यावर ग्रीक, दारूचे रंगीत बुधले घेऊन. वरच्या लोकांनी बुधले घेतले, ग्रीकांना मात्र वर येऊ दिलं नाही. पुढे अरब आले आणि लाल खडकावर किल्ला बांधून गेले. काल्ता म्हणजे किल्ला, रुसा म्हणजे लाल. किल्ला पडला, नाव राहिलं.

खडकाच्या उभ्या कड्यात त्या पहिल्या लोकांची थडगी आहेत. पावाच्या भट्टीसारखं गोल तोंड, आत माणूस मावेल एवढी पोकळी. गावात त्यांना भट्ट्याच म्हणतात. कोणी त्यांत चीज मुरवतं, कोणी कोंबड्या ठेवतं.

"मेलेल्याला कुशीवर निजवायचे," सासरे सांगत, "गुडघे पोटाशी घेऊन. थेट तुझ्यासारखं, बघ."

"पप्पा, सोन्यासारख्या पोराला काय सांगताय!"

"खरं तेच सांगतोय. तीन हजार वर्षं ते तिथून हललेले नाहीत."

"आणि ते जिवंत असताना कुठं राहायचे?"

"झऱ्यापाशी. इथंच, आपल्या खालच्या आळीत."

"मग त्यांची घरं?"

"लाकडाची होती. कुजली."

हे ते अनेकदा बोलले होते. शाळेतही असंच शिकवायचे.

एकदा मी पलंगावर उभी राहून दोर सैल करत होते आणि ते दारात आले.

"काय करतेस, पोरी?"

"दोर आखडलाय. परवाच तर सोडला होता."

"याआधी सोडला होतास?"

"कितीदा तरी."

आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे खडकच आहे, त्याला नुसता चुना लावलेला. त्यातली कडी त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मग समोरच्या भिंतीपाशी गेले. ती बांधलेली, मातीवर उभी. तिच्या कडीला त्यांनी फक्त बोट लावलं. मग खाली बसून पलंगापासून झोळीच्या तळापर्यंतचं अंतर वितीनं मोजलं.

"आता सोडू नकोस. मी सांगेपर्यंत."

तेव्हापासून रोज सकाळी ते यायचे, वीत लावायचे आणि कॉफी न घेता निघून जायचे. मला कोणी समजावलं नाही. पण ताणल्या दोराची दोन टोकं एकमेकांपासून दूर गेली की मधलं जाळं उचलतं, हे कोळ्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. भिंत बोटभर सरली तर झोळी दोन बोटं वर येते. माझा मुलगा वर जात नव्हता. त्याच्याखालचं घर चाललं होतं.

त्या दिवसांत खालच्या आळीतली माणसं आमच्याकडे येत होती. कोणाचं दार अडकायचं, कोणाची फरशी तडकायची. शेजारची दोन्ना साबेद्दा तर भिंतीतल्या फटीत चमचा खुपसून आली होती.

"मास्तर, चमचा गेला आत. आता सूप कशानं पिऊ?"

"घर जरा बसतंय, साबेद्दा. ओलीनं फुगतात भिंती."

"तुम्ही म्हणता तर बसू दे. मीही गुडघे धरून बसलेच आहे."

ती हसत गेली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी बाकल्याच्या शेंगा सोलत होते, लिब्बू पाठीशी बांधलेला.

"पप्पा, तुम्ही लोकांना सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला माहीत आहे ते."

त्यांनी एक शेंग उचलली आणि सोलायची विसरले. "वरच्या गावात म्हातारे उरलेत. पोरंबाळं आहेत ती खालच्या आळीत. आळी उठली की शाळा जाईल. शाळा गेली की बेकरी, मग डॉक्टर. कोणी मोडलं नाही हे गाव, आगातिना. ग्रीकांना जमलं नाही. ते मी मोडू? एका वाक्यानं?"

"आणि नाही बोललात तर?"

"तुला काय, तू समुद्राची. तुला जायला जागा आहे."

"मी कुठं जाते म्हणाले? मला मूल झोपवायचंय, एवढंच. डोळे मिटून झोपवायचंय."

लिब्बूनं मागून माझे केस ओढले. त्यांनी त्याची मूठ सोडवली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

नवऱ्याशी रोज फोनवर बोलणं व्हायचं. वितो जर्मनीत कारखान्यात आहे. तो म्हणायचा, "पप्पा काय म्हणतात?" मी म्हणायची, "मोजतात." तो म्हणायचा, "मग पप्पांना ठरवू दे." सगळं गाव हेच करत होतं.

एका सकाळी लिब्बू आत असतानाही दोराला पोटच उरलं नव्हतं. सासऱ्यांनी बोटानं तो छेडला तर वाद्याच्या तारेसारखा वाजला. लिब्बू खुदकन हसला, आणखी वाजवा म्हणून पाय झाडू लागला. त्यांनी त्याला काढून माझ्याकडे दिलं.

तो रविवार होता. मिस्सा सुटल्यावर ते चर्चच्या पायरीवर उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे.

"माझ्या नातवाची झोळी दीड वीत वर गेलीय," ते म्हणाले.

गास्पारे खाटीक, त्यांचाच विद्यार्थी, मोठ्यानं म्हणाला, "स्वर्गात चाललाय की काय, मास्तर? माझ्या मेहुण्याला बसवा, त्याला तोच एक रस्ता आहे!"

सगळे हसले. ते हसणं थांबेपर्यंत सासरे थांबले.

"उतार सरकतोय. खालची आळी सोडा. अंथरुणं आजच बाहेर काढा."

"पण तुम्हीच तर म्हणायचात, तीन हजार वर्षं..."

"मेलेले तीन हजार वर्षं टिकले, गास्पारे. खडकात होते म्हणून. त्या लोकांचं एकही घर मला सापडलं नाही, चाळीस वर्षं शोधलं. मी तुम्हाला सांगत आलो, कुजली. कुजली नाहीत. गेली. खाली नदीत."

साबेद्दा पुढं आली. "म्हणजे शाळेत आम्हाला खोटं शिकवलंत?"

"हो."

मग एका बाईनं आपल्या मुलाला दंडाला धरलं आणि ती चालू लागली. तिच्यामागे बाकीचे.

नंतर सरकारी माणसं आली, यंत्रं लावून गेली. मास्तरांच्या वितीएवढंच त्यांचंही निघालं. आळीभोवती लाल-पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. घरातून शेवटच्या वस्तू काढायला प्रत्येकाला थोडा वेळ दिला. सासूबाईंनी भांडी घेतली. सासरे कड्या काढायला गेले. बाहेरच्या भिंतीतली कडी हातातच आली. खडकातली काही केल्या निघेना. ती तिथंच आहे.

आता आम्ही खाली किनाऱ्यावर, माझ्या माहेरच्या शहरात, चौथ्या मजल्यावर राहतो. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. उतार अजून पडलेला नाही. हिवाळा गेला, पाऊस गेला, घरं पट्ट्यांच्या आत तशीच उभी आहेत. शाळा बंद झाली, बेकरी बंद झाली. सासऱ्यांनी सांगितलं त्याच क्रमानं. साबेद्दा इथं लेकीच्या घरी महिनाभरही जगली नाही. वरच्या दफनभूमीचा रस्ता बंद, म्हणून तिला इथंच वाळूत पुरलं. तिच्या लेकीनं सासऱ्यांशी हात मिळवला नाही.

परवा बाजारात गास्पारे भेटला. इथं तो दुसऱ्याच्या दुकानात मांस कापतो.

"उभं आहे हो अजून, मास्तर," तो म्हणाला. "मी बंदरावरून रोज बघतो. तुमच्या खिडकीची काचसुद्धा फुटली नाही."

सासरे म्हणाले, "हो का." ऊन नसताना त्यांनी टोपी पुढं ओढली.

आळी पडली तर त्यांचं घर जाईल. पडली नाही, तर गाव त्यांनी मोडलं. ते यातलं काय मागत असतील, हे विचारायची माझी हिंमत नाही. देवाकडं तरी काही मागतात का, तेही ठाऊक नाही. लिब्बूला ते आता काहीच सांगत नाहीत. तो त्यांच्यासमोर बसून वाट बघतो, मूठ चोखायचं थांबवतो. मग पुन्हा चोखायला लागतो.

इथल्या भिंती पोकळ विटांच्या, कडी धरत नाहीत. मी दोर खिडकीच्या गजाला आणि दाराच्या बिजागरीला बांधलाय. लिब्बूचे पाय आता झोळीबाहेर लोंबतात. तो माझ्याशेजारीच झोपतो, झोळी रिकामीच असते. सासूबाई रोज म्हणतात, काढ ती, येता-जाता डोक्याला लागते.

मी काढत नाही. रोज सकाळी सासरे येतात, पलंगापाशी गुडघे टेकतात, झोळीखाली वीत लावतात. मी लिब्बूला पाजत असते, वर बघत नाही.

"तेवढंच आहे," ते म्हणतात, आणि तसेच गुडघ्यांवर राहतात. मग मला उठून त्यांना हात द्यावा लागतो.