हेडक्लार्कसाहेबांच्या कॉम्प्युटरमधला पंखा

मी पंखा बोलतोय. छताचा नव्हे, त्याच्याकडे निदान मान वर करून कोणी बघतं तरी. मी तळहाताएवढा, कॉम्प्युटरच्या पेटीत राहणारा. आतली गरम हवा बाहेर फेकायची, एवढंच माझं काम.

माझी पहिली नोकरी एका कचेरीत, हेडक्लार्कसाहेबांच्या टेबलावर. साहेबांचा कॉम्प्युटरवर भारी जीव. धूळ बसू नये म्हणून त्यांनी बायकोकडून झालरीचं कव्हर शिवून घेतलं आणि कॉम्प्युटर चालू असतानाही ते काढलं नाही. माझं तोंडच बांधलं म्हणा ना. धूळ यायची ती आलीच, कारण कव्हर झटकायचं कोणाला सुचलं नाही. चार वर्षांत माझ्या पात्यांवर गोधडी तयार झाली आणि कॉम्प्युटर तापून बंद पडू लागला.

मग तीन जणांची समिती आली. तिघांनी चहा घेतला, कव्हराचं कौतुक केलं आणि पेटी न उघडताच शेरा मारला, "जुना झाला. भंगारात काढा." कव्हर साहेबांनी घरी नेलं.

भंगारातून आम्हाला दुरुस्तीवाल्या मावशींनी उचललं. टाकलेले कॉम्प्युटर उघडून त्यातले चालणारे भाग काढायचे आणि दुसऱ्याला बसवायचे, हा त्यांचा धंदा. मला बघून त्या म्हणाल्या, "अगं बाई, याचा तर जीव गुदमरलाय." त्यांनी ब्रश फिरवला, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला आणि मी गरकन फिरलो. मला अगदी भरून आलं.

मावशींना खोकला होता. सुटे भाग डाखताना सोल्डरिंगचा धूर दिवसभर नाकात जायचा. मुलगी कावली होती. "आई, डॉक्टरांनी हे काम सोडायला सांगितलंय ना?"

"सोडून काय करू? भिंतीकडे बघत बसू?"

मावशींनी मला दुकानातल्या टेबलामागच्या खिडकीत बसवलं. मी धूर ओढून बाहेर टाकू लागलो. पंधरा दिवसांत खोकला थांबला आणि मुलगीही गप्प झाली. एवढा मान मला कचेरीत कधी मिळाला नव्हता.

पण धुराचा चिकटा पात्यांवर बसतो, त्यावर धूळ बसते. वर्ष उलटलं आणि आता मी कण्हत फिरतोय. खोकला परतलाय. मुलीने बजावलंय, महिनाअखेरपर्यंत थांबला नाही तर दुकानाला कुलूप.

आज हेडक्लार्कसाहेब घरचा कॉम्प्युटर घेऊन आले. कव्हर तेच, झालरीचं.

"मावशी, जुना झालाय बहुतेक."

"जुना कसला? साफ कोण करणार, साहेब?" मावशी फणकारल्या आणि खोकत सुटल्या. पाणी पिऊन त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा बघा, धूरच ओढत नाही. जुनाच होता मेला. फेकून देते आता."

साहेबांनी मान डोलावली. "जुन्या वस्तूंचं असंच असतं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ब्रश माझ्यापासून वीतभर अंतरावर खिळ्याला टांगलाय. मावशी, मी म्हातारा झालेलो नाही. फेकायचं तर फेका, पण त्याआधी एकदा तो ब्रश फिरवून बघा. उद्या दुकानाला कुलूप लागलं, तर तुम्हाला भंगारातून उचलायला कोण येणार आहे?