रस्त्याकडचं तोंड बंद आहे

मी हौद बोलतोय. जमिनीखालून बोलतोय, म्हणून जरा कान द्यावा लागेल. जेर्बा बेटावर मब्रूकाबाईंचं पांढरं घर आहे, त्यांच्या अंगणाखाली मी असतो. पावसाचं पाणी साठवायचं, एवढंच माझं काम.

मब्रूकाच्या सासऱ्यांनी, बूजमांनी, मला खणलं. आतून चुन्यानं गुळगुळीत केलं. मला दोन तोंडं ठेवली. एक अंगणात, घरच्यांसाठी. दुसरं बाहेरच्या भिंतीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. त्याला लाकडी झाकण, दोरी आणि पोहरा. कुणीही यावं, पाणी काढावं, झाकण लावून जावं. विचारायची गरज नाही. इथल्या विहिरींचं पाणी खारट असतं, त्याचा चहा कुणाला गोड लागत नाही. माझ्या पाण्याचा लागायचा. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

पण माझं पाणी गोड राहायचं ते घरच्यांच्या कष्टांनी. उन्हाळा सरत आला की बूजमा, आणि त्यांच्यामागं मब्रूका, छतावर चढायची. छत झाडायचं, त्याला चुना मारायचा. अंगण माझ्याकडं उतरतं केलेलं आहे, तेही घासून पांढरं करायचं. मग पाऊस आला की माझ्या वाटेत चिंध्यांचा बोळा घालायचा. छत धुऊन आलेलं पहिलं पाणी डाळिंबाच्या झाडाला जायचं. नंतर बोळा काढायचा आणि मला म्हणायचं, "हं, पी आता."

मब्रूकाचे गुडघे गेले तेव्हा तिचा मुलगा लझहर परदेशातून कायमचा घरी आला. सारं आयुष्य दुसऱ्यांच्या भट्टीपुढं पाव भाजून त्याची पाठ वाकली होती. शिडी चढताना तो कण्हायचा. चुना उडून त्याचे डोळे लाल व्हायचे.

एक दिवस तो आईला म्हणाला, "उम्मी, पुरे झाला हा छळ. असा रंग मिळतो, एकदा लावला की दहा वर्षं छताकडं बघायला नको. आणि अंगणात प्लास्टिकचं गवत टाकू. ना झाडायचं, ना घासायचं. तू नुसती सावलीत बसून राहा राणीसारखी."

"आणि हौद?" मब्रूकानं विचारलं.

"हौदाला काय होतंय? उलट पाणी स्वच्छ येईल."

तिला पटलं नव्हतं. पण मुलगा किती हौसेनं बोलत होता! ती म्हणाली, "कर बाबा. तुझी पाठ वाचली तर मला हवंच आहे."

छत चकाकू लागलं. अंगण हिरवंगार दिसू लागलं. शेजारी बघायला आले. पाऊस आला तेव्हा बोळा कुणी घातलाच नाही. आता सगळं स्वच्छच होतं ना! गवताच्या मुळाशी साचलेली धूळ, मांजरीची घाण, पावाचा चुरा, सगळं वाहत माझ्याकडं आलं. छताच्या रंगाचा उग्र वासही आला. माझं तोंड उघडं होतं. दिलं ते मी घेतलं.

पहिल्यांदा बोलला तो खमैस मासेमार. तो समुद्रावर जाताना रस्त्याकडून कॅन भरून न्यायचा. परतताना भिंतीवरून ओरडला, "मब्रूका मावशी, हौदात काय टायर उकळलेस का गं? नावेत चहा केला, सगळ्यांनी एकदम थुंकला. मासेसुद्धा लांब पळाले!"

"तुझी किटलीच घाण असेल, मेल्या," मब्रूका म्हणाली.

तो गेल्यावर तिनं पोहरा काढला. घोट घेतला. तोंडात तसाच धरून ती खूप वेळ बसली. मग गिळला.

त्या क्षणी मला बुजवून टाकलं असतं तरी चाललं असतं.

लझहर बाटलीतलं पाणी प्यायचा, भट्टीपासूनची सवय. त्याला काही कळलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. बाटलीला ती हात लावीना. लावला असता तर त्यानं विचारलं असतं. ती माझंच पाणी पीत राहिली. पोट धरून भिंतीला टेकायची आणि तो आला की नीट बसायची. पण दुसऱ्या कुणाला ते पाजणं तिला जमेना. एका दुपारी ती काठी टेकत बाहेर गेली आणि रस्त्याकडच्या झाकणाला तार बांधली. बूजमांच्या काळापासून ते कधी बंद झालं नव्हतं. तार पिळताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

लझहरनं तार पाहिली. "उम्मी, हे कुणी केलं?"

"मीच. पाणी आटलंय."

"एवढ्या पावसात?" त्यानं पोहरा सोडला. तो भरून वर आला. त्यानं ओंजळभर तोंडात घेतलं आणि गवतावर थुंकलं.

"तू हे पितेस? किती दिवस?"

"तू इतक्या मायेनं केलंस रे. कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवसापासून लझहरनं मला उपसायला घेतलं. मग शिडी लावून आत उतरला. म्हाताऱ्या माणसाला मुलानं अंघोळ घालावी, तसं मला वाटलं. तळाचा हिरवा गाळ, भिंतींवरचा तेलकट थर, सगळं त्यानं पाहिलं. अंधार आहे म्हणून बरं, असं मी मनात म्हणत होतो. तो कण्हत घासत होता. वरून मब्रूका म्हणाली, "पाठ सांभाळ."

"पाठीचं राहू दे, उम्मी. तू ती बाटली संपव आधी."

गवत आता गुंडाळून कचऱ्यात गेलं आहे. छताचा रंग मात्र निघत नाही. लझहर रोज थोडा खरवडतो. टिकाऊ आहे, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. तेवढं खरं निघालं. तो रंग पूर्ण निघून चुना लागेपर्यंत मला पाऊस घेता येणार नाही. आभाळ भरून आलं की बोळा घालतात आणि सगळं पाणी माझ्या डोक्यावरून निघून जातं.

म्हणून, रस्त्यानं जाणाऱ्या बाबा, तहान लागली असेल तर पलीकडं शेजारच्या खदूजाच्या दाराशी जा. तिचा हौद चांगला आहे. आमची तार सोडू नकोस. आणि रागावू नकोस मब्रूकावर. तिनं तुझ्यासाठीच बांधली आहे.

फक्त झाकणाच्या फटीला डोळा लावून माझा रिकामा तळ बघू नकोस, एवढं ऐक.