सरकतं शून्य

मी कोपऱ्यावरचा खांब बोलतोय. विजेचा नव्हे, तारा माझ्याकडे कुणी दिल्याच नाहीत. दिव्याचाही नव्हे. रस्त्यावर पाणी किती चढलं ते सांगणारा खांब. अंगावर पांढरा रंग, त्यावर काळे आकडे आणि वर गळ्याशी एक लाल पट्टी. आयुष्यभर एकाच जागी उभं राहून लोकांना 'किती' ते सांगायचं, एवढीच माझी हुशारी. तीही चुकीची निघाली, म्हणून तर बोलायला बसलोय. म्हणजे उभाच आहे. बसणं माझ्या नशिबात नाही.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका आवारात झाला. सिमेंट, खडी, चार सळ्या, झालं. एकाच साच्यातून आम्ही भावंडं ढिगाने निघालो. बाकीचे कुंपणाला गेले. मला मात्र एका रंगाऱ्याने बाजूला काढलं आणि अंगावर आकडे रंगवले. तेव्हापासून माझ्या डोक्यात हवा गेली. भावंडं अडाणी राहिली आणि मी शिकलो, असं मला वाटायला लागलं. सिमेंटच्या डोक्यात हवा जाते कशी हे विचारू नका. आमचं मिश्रण तसंही जरा पोकळच होतं.

मला आणून उभं केलं ते गटाराच्या काठावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माझं तोंड रस्त्याकडे, पाठ गटाराकडे. हे शहर समुद्राला ढकलून ढकलून वसवलेलं. समुद्र काही विसरलेला नाही. अमावस्या-पौर्णिमेला मोठी भरती आली की गटाराचं पाणी समुद्रात जायच्या ऐवजी समुद्रच गटारातून वर येतो. वर आभाळ निरभ्र, ऊन कडकडीत आणि खाली रस्ता ओला. नवीन माणूस गोंधळून वर बघतो, जुना माणूस चपला हातात घेतो.

नेमणूक झाली त्या दिवशी मी छाती काढून उभा होतो. माझी किंमत पहिल्यांदा ओळखली ती गल्लीतल्या कुत्र्याने. तो आला, मला हुंगलं आणि पाय वर केला. आकडे वाचता येत नसूनही माझा उपयोग त्याला लगेच कळला. मोठ्या साहेबांना तो कळायला बराच काळ लागला आणि कळला तोही उलटाच.

माझ्या पाठीमागे, गटाराला लागून टेलरमावशींची खोली. त्या शाळेचे गणवेश शिवतात. घरात मावशी, त्यांचे यजमान आणि खाटेवर सासरे. सासऱ्यांना सगळी गल्ली बाबा म्हणते. यजमान पलीकडच्या उंच इमारतीत लिफ्टमन आहेत. दिवसभर लोकांना वर नेतात आणि संध्याकाळी स्वतः खाली उतरतात. खाली म्हणजे खरोखरच खाली. पण ते पुढे सांगतो.

गटारापलीकडे पंपाची खोली. तिथे पंपवाले दादा बसतात. त्यांना हुकूम एकच: खांबाच्या लाल पट्टीला पाणी लागलं की पंप लावायचा आणि पाणी समुद्राकाठच्या बंधाऱ्यापलीकडे फेकायचं. त्याआधी लावायचा नाही. पूर्वी कुणीतरी उगाच पंप चालवून इंधन उडवलं होतं म्हणे. म्हणजे बघा, पंप चालणार की नाही हे माझ्यावर. एवढा मोठा पंप, एवढे मोठे दादा आणि माझ्या लाल पट्टीकडे बघत बसलेले. मी फुगणार नाही तर काय करणार?

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मावशींचा उंबरा रस्त्यापेक्षा पायरीभर उंच होता. पाणी लाल पट्टीला लागायचं, पंप सुरू व्हायचा आणि मावशींच्या दारापर्यंत आलेलं पाणी लाजून परत फिरायचं.

मग गल्लीने मागणी केली की रस्ता उंच करा. मागणीत लिफ्टमन सगळ्यांच्या पुढे होते. डांबराचा थर पडला, तेव्हा त्यांनीच मुकादमाला चहा पाजला. पाणी शेजारच्या गल्लीत गेलं. आमची गल्ली खूश. मग शेजारच्या गल्लीने आपला रस्ता उंच करून घेतला आणि पाणी पुन्हा आमच्याकडे आलं. मग आम्ही आणखी एक थर. मग त्यांनी. मग समोरच्या नव्या इमारतीने आपलं अख्खं आवारच उचलून ठेवलं. या शहरात पाणी कुणी घालवत नाही, फक्त शेजाऱ्याकडे पाठवतात. जुना थर खरवडून मग नवा टाकावा, हे काम कुणाच्या वाट्याला आलंच नाही. खरवडताना फोटो चांगला येत नाही म्हणून असेल.

थरावर थर चढत गेले आणि माझे पाय डांबरात गेले. लोक वाढतात, मी बुटका होत गेलो. कोरड्या रस्त्यावर उभं राहून मी 'एक फूट' दाखवायला लागलो. रिक्षावाले हसायचे. एकाने तर विचारलं, "काय रे, काल घेतली होतीस का?" मी कुठे तोंड लपवणार? तोंडच रस्त्याकडे.

तेवढ्यात नवीन इंजिनीअर मॅडम आल्या. तरुण, कामसू, दुपारच्या उन्हात स्वतः फिरणाऱ्या. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाल्या की कोरड्या रस्त्यावर एक फूट कसं चालेल, याचं शून्य रस्त्यावर आणा. बोलणं अगदी बरोबर होतं. मलाही पटलं. रंगाऱ्याने माझे जुने आकडे पुसले, रस्त्यापासून नवे काढले आणि लाल पट्टीही तेवढीच वर सरकवली. तोंड रंगवलं, दोन्ही बाजू रंगवल्या. पाठ मात्र राहिली, कारण पाठ रंगवायची तर गटारात उतरावं लागलं असतं. रंगारी शहाणा माणूस.

पुढच्या भरतीला पाणी होतं तेवढंच आलं. पण माझ्या नव्या आकड्यांवर ते निम्मंच दिसलं. मॅडमच्या वरच्या साहेबांनी बैठकीत सांगितलं की या कोपऱ्यावरचा पूर निम्म्यावर आला. टाळ्या पडल्या. एकजण येऊन माझा फोटो काढून गेला. मी मान ताठ करून उभा. समुद्राला मी एकट्याने मागे हटवलं, असंच मला वाटत होतं. समुद्राला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

आणि त्या भरतीच्या दिवशी माझ्या पाठीमागे काय झालं ते सांगतो. मावशींचा उंबरा आता रस्त्यापेक्षा कितीतरी खाली होता. पाणी रस्त्यावर यायच्या आधीच गटारातून त्यांच्या घरात शिरलं. दादा लाल पट्टीकडे बघत बसले होते. ती आता माझ्या गळ्याशी गेली होती. पंप सुरू झाला तेव्हा शिलाई मशीनचं पायडल बुडालं होतं, शिवून ठेवलेल्या गणवेशांचा गठ्ठा तरंगत होता आणि बाबा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. लिफ्टमन इमारतीत कुणालातरी सोळाव्या मजल्यावर सोडत होते. मला आजही त्याचं वाईट वाटतं. टाळ्यांचा आवाज आणि ते घर, दोन्ही एकाच भरतीचं.

लिफ्टमननी करता येईल ते केलं. घरात भराव टाकून जमीन उचलली. पुन्हा पाणी आलं, पुन्हा उचलली. छत उचलता येईना, वर दुसऱ्याचं घर. मग पंखा काढला. मग दाराची चौकट डोक्याला लागू लागली. घर वरून तसंच, पण खालून वर येत चाललेलं. लिफ्टमन घरात वाकून चालायला लागले. दिवसभर लिफ्टमध्ये ताठ उभं राहायचं आणि घरी आल्यावर वाकायचं. हसण्यासारखं होतं खरं, पण त्या घरात आता कुणी हसत नव्हतं.

शेवटी नवरा-बायकोचं ठरलं. आणखी एकदा पाणी घरात आलं की खोली सोडायची. शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टमनच्या चुलतभावाकडे जायचं. तिथून कामावर यायला दोन गाड्या बदलाव्या लागतील आणि मावशींचं शाळेचं काम सुटेल. बाबा म्हणाले, "तुम्ही जा. मी इथंच राहतो. माझी खाट उंच आहे." खाटेखाली विटा होत्या, म्हणून ते असं म्हणाले.  मावशी मशीनवर वाकून शिवत राहिल्या.

मग ती दुपार आली. पौर्णिमेची मोठी भरती, वर टळटळीत ऊन. गटार फुगायला लागलं. रस्ता कोरडा ठणठणीत आणि मी समोरून 'शून्य' दाखवत उभा, जसं काही झालंच नाही. मावशी दारात आल्या. पाणी त्यांच्या उंबऱ्याच्या खाली बोटभर होतं.

"दादा, पंप लावा ना. उंबऱ्याला टेकतंय."

दादा वाईट माणूस नाहीत. त्यांचं तोंड उतरलं. "मावशी, लाल पट्टीला लागलं की त्या क्षणी लावतो. त्याआधी लावला तर घरी बसवतील मला."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या बसणार आणि मी त्या मुकाट्याने खाल्ल्या असत्या. पण त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात गणवेशाच्या लाल कापडाची लांब पट्टी होती आणि मोजायची लोखंडी फूटपट्टी. साडी खोचून त्या गटाराच्या काठावर उतरल्या. त्यांनी आधी उंबऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीकडे. पाठीवर माझे जुने आकडे होते तसेच होते, शेवाळात बुजलेले. जुन्या पट्टीचा लाल रंग मात्र कधीच उडून गेला होता.

डांबर आणि माझ्यामध्ये बोटभर फट आहे. काम कसं झालं होतं ते यावरून ओळखा. मावशींनी त्या फटीतून फूटपट्टीने कापड पलीकडे ढकललं, ओढून घेतलं आणि माझ्या घोट्याशी, उंबऱ्याच्या किंचित खाली, घट्ट गाठ मारली. गळ्यात पट्टी मिरवणारा मी, माझ्या पायात कुणी असं काही बांधेल हे कधी मनात आलं नव्हतं.

मावशी सरळ उभ्या राहिल्या आणि हात पुसत म्हणाल्या, "ही पण लालच आहे, दादा."

दादा आता त्या कापडाकडे बघत बसले. पाणी हळूहळू वर आलं आणि कापड खालून भिजलं.

"लागलं," दादा म्हणाले आणि उठले.

पंप सुरू झाला. रस्ता कोरडा आणि पंप चालू, असं या शहरात प्रथमच झालं असावं. लोक थांबून बघायला लागले. समोरच्या इमारतीतून कुणीतरी ऑफिसात फोन केला. थोड्या वेळात इंजिनीअर मॅडम स्कूटरवरून आल्या, त्या रागातच. पंप कुणी लावला, त्यांनी विचारलं. दादांनी गळ्याकडे नाही, माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

"पट्टीला पाणी लागलं, मॅडम. हुकूम होता."

मॅडम काही बोलणार तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. "बाई, जरा खाली या. वरून नाही दिसायचं."

त्या गल्लीत मॅडम कितीदा येऊन गेल्या होत्या, पण रस्त्यावरूनच. त्या पहिल्यांदा खाली उतरल्या आणि दाराची चौकट त्यांच्या कपाळावर आपटली. "वाका, मॅडम," मावशी म्हणाल्या. "सगळेच आपटतात." मॅडम कपाळ चोळत खाटेच्या कडेला बसल्या, कारण दुसरी जागाच नव्हती. उंबऱ्यापर्यंत आलेलं पाणी तिथल्या तिथे थांबलं होतं. बाबांच्या खिडकीतून गाड्यांची चाकं दिसतात आणि माझी पाठ दिसते.

"हे आकडे कुठले?" मॅडमनी विचारलं.

"याचेच," बाबा म्हणाले. "तुम्ही पुढून पुसलेत. मागून राहिलेत."

मॅडमनी आपल्या डोक्यावरच्या छताकडे पाहिलं, मग खिडकीतून माझ्याकडे. मला त्यांची कीव आली आणि स्वतःचीही. दोघांचं गणित बरोबर होतं. फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची, हे आम्ही रस्त्याला विचारलं होतं.

बाहेर येऊन त्या दादांना म्हणाल्या, "कापड राहू दे. कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणून सांगा." मग स्कूटर सुरू करता करता थांबल्या आणि म्हणाल्या की पुढचा थर टाकण्याआधी जुना खरवडायला लावीन, जमलं तर. 'जमलं तर' हे त्या जरा हळू म्हणाल्या.

जमेल की नाही, मला माहीत नाही. कोपऱ्यावर नव्या थराची खडी येऊन पडली आहे. खरवडायचं यंत्र अजून दिसलेलं नाही. समोरची इमारत पंपाच्या आवाजाला वैतागली आहे. वरचे साहेब विचारतात म्हणे की निम्म्यावर आलेला पूर एकदम परत कसा वाढला. मॅडमना रोज काहीतरी ऐकून घ्यावं लागतं. पण त्या दिवसापासून मावशींच्या घरात पाणी गेलेलं नाही. पंखा अजून लागलेला नाही, लिफ्टमन अजून वाकूनच चालतात, पण खोली सोडायची बांधाबांध सुटली आहे. बाबांची खाट विटांवरून खाली आली.

माझं म्हणाल तर गळ्यातली रंगाची पट्टी उडत चालली आहे आणि घोट्यातलं कापड मावशी बदलतात, मळलं की. कुत्रा येतो, पण आता त्या बाजूला पाय वर करत नाही. मावशींनी त्याला समजावलं असावं.

एकच मागणं आहे. रस्ता उंच करायला याल, तेव्हा आधी खाली उतरून बघा. वाकावं लागेल, कपाळाला लागेल, पण बघा. मी आता शहाणा झालो असं म्हणत नाही. सिमेंटला शहाणपण एवढ्या लवकर येत नाही. पण हल्ली कुणी रस्त्यावरून ओरडून विचारलं, "काय रे खांबा, पाणी किती?" तर मी लगेच आकडा सांगत नाही. आधी विचारतो, कुणाच्या दारात?