अंगजावळ

अठ्ठावन्न सालच्या चैत्रात मुंबईचं एक गिऱ्हाईक तणतणत माधवरावांच्या दुकानात शिरलं आणि चिक्कीचं पुडकं गल्ल्यावर आपटून म्हणालं, हा काय प्रकार आहे? चिक्कीत केस निघाला होता. आता जिथं आठ बायका जाळापुढं घाम पुसत राबतात, तिथं एखादा केस जायचाच. त्यानं काही लोणावळा बुडत नाही. पण माधवरावांच्या कारखान्यात बाया नावाची बाई कामाला होती आणि बाया लवी होती. मग काय विचारता!

लवे म्हणजे टाकवे बुद्रुकच्या वरच्या डोंगरात राहणारी माणसं. तुमच्याआमच्यासारखीच खाणारी-पिणारी, रुसणारी, लग्नात नाचणारी. फक्त मानेपासून कमरेपर्यंत पाठीवर, हातांवर आणि पोटऱ्यांवर त्यांच्या अंगाला दाट लव असते. थंडीत ती वाढते, फाल्गुनात झडते. एवढ्यावरून बाजारात त्यांना अस्वलं म्हणत. लवा दिसला की पोरं डमरू वाजवल्यासारखे हात हलवत मागं लागायची आणि मोठी माणसं ते बघून हसायची.

बायाला माधवरावांनी ठेवलं होतं, कारण तिच्यासारखी जाळापुढं तासन् तास उभी राहणारी बाई त्यांना दुसरी मिळत नव्हती. पण अट घातली होती. रोज पहाटे हात भादरून यायचं, मनगटापर्यंत फडकं गुंडाळायचं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायचं नाही. बायानं ती अट कैक वर्षं पाळली. आठवड्यातून एकदा ती घरी जायची. एरवी कारखान्याच्या मागं लाकडाच्या खोपीत झोपायची आणि उठल्या उठल्या हातावर वस्तरा फिरवायची. वस्तऱ्यानं हातांची कातडी करवंटीसारखी झाली होती.

त्या दिवशी माधवरावांनी सगळ्या बायकांना मागच्या चौकात उभं केलं. केस एका कागदावर ठेवला होता. बायाच्या शेजारी बसून चिक्की लाटणारी झुंबरबाई, जी सकाळीच बायाकडून तंबाखू मागून घेऊन गेली होती, ती कागदाकडं न बघताच म्हणाली की हा केस कुणाचा ते आंधळाही सांगेल. बाकीच्या बायका पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभ्या राहिल्या.

बाया पुढं झाली आणि वाकून तिनं केस नीट बघितला. बोटभर लांब, रेशमासारखा मऊ, मुळाशी पांढरा आणि टोकाला तांबूस. ती चपापली. मोठ्या लव्याचा केस असा नसतो; तो राठ असतो, एकरंगी असतो. असा केस फक्त तान्ह्या लेकराच्या अंगावर असतो. त्याला लवे अंगजावळ म्हणतात. तीन महिन्यांत ते आपसूक गळतं, आई ते फडक्यात गोळा करते आणि मामा ते ओढ्याच्या पाण्यात सोडतो. काही झालं तरी त्याला वस्तरा लावायचा नाही. लावला तर कातडी चिघळते, ताप भरतो आणि पोर हातचं जातं. बायाच्या थोरल्या बहिणीचं, येसूचं, पहिलं पोर असंच गेलं होतं. येसूच्या नवऱ्याला तळेगावात काम धरायचं होतं आणि पोर जरा माणसांत आणण्यासारखं दिसावं अशी त्याची हौस होती. हौस कसली, मेल्याला लाज वाटत होती.

बायानं मान वर केली. चौकावर माधवरावांच्या घराची गॅलरी होती. गॅलरीच्या दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती आणि बरोबर त्यांच्या खाली गरम चिक्कीच्या पराती निवायला मांडलेल्या होत्या. माधवरावांची सून अरुंधती महिन्यापूर्वी बाळंत झाली होती. घरात सासू नव्हती, नवरा दूर नाशकाला नोकरीला. सुनेनं पोरीला नजर लागते म्हणून एकाही बाईला जवळ येऊ दिलं नव्हतं. न्हाऊमाखू घालायलासुद्धा बाई ठेवली नव्हती. एवढी शिकलेली मुलगी नि नजरबिजर कसली मानते, म्हणून खाली सगळ्या हसल्या होत्या. तेवढ्यात वर पोर रडलं. ते भुकेचं रडणं नव्हतं. कापलेल्या जागी पाणी लागल्यावर माणूस ओरडतं, तसं होतं.

अरुंधती गॅलरीत आली. गोरी, नाजूक, तळेगावच्या त्र्यंबक मास्तरांची एकुलती एक लेक. खाली काय चाललंय ते तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"मामंजी, असल्या लोकांना कामावर ठेवलंच कशाला तुम्ही? घरात तान्हं मूल आहे."

बायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिचं पोर, हिचा केस, आणि वर हीच तोंड वर करून बोलते! एक शब्द टाकला असता तर त्या गॅलरीतला सगळा तोरा तिथंच उतरला असता. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण वरती पोर पुन्हा किंचाळलं आणि बायाच्या मनात आलं की त्या शब्दानं बुडणार कोण? सून बुडेल न बुडेल, तिचा बाप येऊन तिला घेऊन जाईल. पण त्या एवढ्याशा जिवाला उद्यापासून अस्वल म्हणतील, आणि माधवराव तर त्या पोरीला उंबऱ्याबाहेर कुठं नेऊन ठेवतील त्याचा नेम नाही.

"केस माझाच हाये, मालक," बाया म्हणाली.

माधवरावांना बहुधा बरंच वाटलं. त्यांनी मुंबईच्या गिऱ्हाइकाची माफी मागितली, बायाला आजच्या आज निघ म्हणून सांगितलं आणि कागदासकट केस चुलीत टाकला. झुंबरबाईनं बायाची बसायची जागा चोळून चोळून धुतली.

बाया मागच्या हौदावर हातपाय धूत होती. आयुष्यातली इतकी वर्षं या जाळापुढं घातली आणि जाताना कुणी चहा घे म्हणालं नाही, याचं तिला राहून राहून वाईट वाटत होतं. पाठीमागं पावलं वाजली. अरुंधती पदराखाली काहीतरी घेऊन उभी होती.

"मावशी," ती म्हणाली. आजवर तिनं बायाला साधी हाक मारली नव्हती. मावशी तर लांबच राहिलं.

"मगाशी तर लय वरून बोलत हुतीस," बाया म्हणाली. मालकाच्या सुनेला अगं-तुगं करतोय, याचं तिला भान राहिलं नाही. "आता का आवाज बसला?"

अरुंधतीनं उत्तर न देता पदर बाजूला केला. पोरीच्या पाठीवर जिथं जिथं वस्तरा फिरला होता तिथं कातडी लाल होऊन पाणी सुटलं होतं आणि अंग चुलीसारखं तापलं होतं. बायानं ते बघितलं आणि तिची येसू, येसूचं ते पोर, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. तिला रडूच कोसळलं. मग त्या दोघीही रडल्या, तिथं हौदापाशी, कुणी येईल याची धास्ती घेत.

अरुंधतीनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिची पणजी लवी होती. मास्तरांच्या घरात ते कुणी कधी बोललं नाही. अरुंधतीच्या अंगावर काहीच नव्हतं, फक्त अंबाड्याखाली मानेवर बोटभर लव होती, आणि तेवढ्यावर निभावलं म्हणून तिनं देवाला नवस फेडले होते. आणि मग पोरीच्या अंगावर हे सगळं उतरलं. कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून नवऱ्याचा वस्तरा घेतला.

बायानं तिला सांगितलं की वस्तरा आता बंद, कोमट तेल लावायचं, बाकी लेकराला मोकळं ठेवायचं. तीन महिन्यांत हे जावळ गळेल. पुन्हा लव येईल ती चौथ्या-पाचव्या वर्षी आणि कदाचित आईसारखी बोटभरच येईल. पण तीन महिने उघड्या अंगाचं पोर या घरात लपवायचं कसं? पुढच्याच आठवड्यात नवरा यायचा होता. मग अरुंधतीच म्हणाली की मावशी, तुम्ही हिला घेऊन जा. मी तळेगावला माहेरी जाते म्हणून सांगते, बाबा सांभाळून घेतील; पण पोर बघायला तिथंही माणसं येणार, हिला तिथं नेता येणार नाही. बायाच्या घरी तिची सून गंगी अंगावर पाजत होती. दुधाची सोय होती. बायाला ते मनातून पटलं नाही. आईनं पोर असं देऊन टाकू नये, असं तिला वाटलं. पण पोरीचं अंग भाजत होतं आणि दुसरा मार्ग तिलाही दिसेना.

दुसऱ्या दिवशी माधवरावांचा गडी मारुती सूनबाईंना तळेगावच्या खासगी मोटारीवर पोचवायला आला. त्यानं ट्रंक टपावर चढवली, बाईंना नमस्कार केला आणि गेला. मोटर सुटायला अजून अवकाश होता. स्टँडमागच्या चिंचेखाली बाया उभी होती. तिथं अरुंधतीनं पोरगी तिच्या हातात दिली. बाया डोंगरात जायला वाटेत कामशेतला उतरणार होती; पण तळेगावची ओळखीची माणसं मोटारीत असणार, तिथं सगळ्यांदेखत देणं जमलं नसतं. रेशमी दुपटं काढून घेतलं आणि बायाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळला. गाठ मात्र बायालाच मारावी लागली.

मोटारीत लव्यांनी अगदी मागच्या बाकावर बसायचं, हा तिथला रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण क्लीनर नुसता बोट दाखवायचा आणि लवे मुकाट्यानं जाऊन बसायचे. बाया मागं बसली. अरुंधती पुढं, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर, तळेगावच्या दोन सभ्य बायकांच्या शेजारी. बाळ कुठंय म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा लोणावळ्याला घरीच ठेवलंय म्हणाली.

कार्ला मागं पडलं तशी उन्हानं मोटर तापली. पोरगी घामेजली, तिला मोकळं करावं म्हणून बायानं लुगडं सैल केलं, आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. आता हे रडणं मात्र भुकेचं होतं. बायानं थोपटलं, बोट चोखायला दिलं, खांद्यावर घेतलं. काही उपयोग नाही. पुढची माणसं वळून बघू लागली. कुणी म्हणालं, त्या अस्वलाच्या पिल्लाला गप करा. क्लीनरनं विचारलं, पोर कुणाचं?

"नात हाये माझी," बाया म्हणाली. "आई हितं न्हाई."

पुढच्या बाकावर अरुंधतीची पाठ ताठ झाली. बायाला तिचं तोंड दिसत नव्हतं, पण तिनं दोन्ही हातांनी पदर छातीशी आवळून धरलेला दिसला. पान्हा फुटला होता तिला, दुसरं काय असणार. कशी बसते बघू, असं बायाच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. पोरगी आता हुंदके देऊन श्वास धरायला लागली होती.

अरुंधती उठली. चालत्या मोटारीत बाकांना धरत धरत ती मागं आली. क्लीनर म्हणाला, बाई, तुम्ही पुढं बसा, ही माणसं मागं बसतात. तिनं ऐकलं नाही. बायाच्या शेजारी बसली, पोरगी ओढून घेतली आणि सगळ्यांदेखत पदराखाली धरली. रडणं एकदम थांबलं. अख्खी मोटर माना वळवून बघत होती.

"माझी मुलगी आहे ही," अरुंधती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. "मी जन्म दिलाय हिला."

आता काय होतं ते बघायला बाया लेकरावर हात ठेवून बसली. मग पुढच्या बाकावरच्या तळेगावच्या बाईनं पदरानं डोळे टिपले.

"बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "याला म्हणतात मन. स्वतःची तान्ही ठेवून आलीय बिचारी, आणि अस्वलाच्या पोरीला पाजून वर म्हणते, माझीच आहे. मास्तरांची लेक शोभते खरी."

मोटारीत सगळे हळहळले. एका म्हाताऱ्यानं तिच्या दिशेनं हात जोडले. क्लीनरसुद्धा ओशाळून बाजूला झाला.

बाया अरुंधतीकडं बघत राहिली. पोरगी चुटुचुटु पीत होती आणि अरुंधतीचे ओठ हलत होते, काहीतरी बोलायला उघडत होते. बाया वाट बघत होती. मग हळूहळू अरुंधतीचे खांदे खाली आले, छातीत अडकलेला श्वास सुटला, आणि बायाला तिच्या तोंडावर सुटकाच दिसली. राग यावा की दया, बायाला कळेना.

कामशेत आलं. पोरगी पोट भरून झोपली होती. अरुंधतीनं ती बायाच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि लोक वाट करून देत होते त्यातून पुढं जाऊन आपल्या जागेवर बसली. ते वाक्य तिनं पुन्हा म्हटलं नाही.