अवनीच्या नावाने

देवयानीने नकाशावर साबरमतीपासून दांडीपर्यंत लाल रेघ ओढली आणि माइकजवळ तोंड नेऊन विचारलं, "सब को दिख रहा है?"

पडद्यावर काळ्या चौकोनांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक चौकोनात एक नाव. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून दिल्लीची हवा इतकी बिघडली होती की शाळा उघडलीच नव्हती. दहावीची इतिहासाची उजळणी देवयानी गुरुग्रामच्या आपल्या फ्लॅटमधून, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून घेत होती. खिडक्या बंद. कोपऱ्यात हवा शुद्ध करायचं यंत्र घरघरत होतं. कॅमेरा सुरू करा असं सांगणं तिने दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं होतं.

रेघ दिसत असल्याचे अंगठे आले. मग गोलमेज परिषदा आल्या. तेवढ्यात खाली एक ओळ उमटली. अवनीची.

"मैम गोलमेज मतलब टेबल सच में गोल था क्या"

हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. देवयानीलाही हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. अवनी गजभिये वर्गातली बरी मुलगी होती. ऑगस्टमध्ये हाच धडा पहिल्यांदा झाला तेव्हा तिने तीनही परिषदा पाठ म्हणून दाखवल्या होत्या. तिने हे विचारावं?

"अच्छा सवाल है," देवयानी म्हणाली आणि पुढेही हिंदीतच सांगत गेली. "नाव तसं पडलं, कारण सगळे बरोबरीने बसणार होते. चलो, आगे. पुणे करार. यावर दोन मार्कांचा प्रश्न येतो. साल लिहा, कोणाकोणात झाला ते लिहा, काय ठरलं ते एका वाक्यात. नेक्स्ट..."

"मॅडम, रुकिए ना जरा."

आवाज अवनीच्या चौकोनातून आला होता. मागे कुकरची शिटी झाली.

देवयानीचं बोट कळीवरच राहिलं. वर्गातली सगळी मुलं तिला 'मैम' म्हणत. 'मॅडम' कुणी म्हणत नसे. आणि ते 'ना जरा' दिल्लीच्या हिंदीतलं नव्हतं.

"हाँ अवनी, बोलो."

"इतना ही है क्या? इसका?"

"परीक्षेला इतकंच," देवयानीच्या तोंडून मराठी निघून गेलं. तिने लगेच हिंदीत तेच सांगितलं.

"अच्छा," आवाज म्हणाला. थोडा वेळ माइक चालू राहिला. पाण्याचा नळ, भांडं ठेवल्याचा आवाज. मग तो बंद झाला.

देवयानीने तास पुरा केला. शेवटी हजेरीच्या तक्त्यात अवनीच्या पुढे 'हजर' आपोआप उमटलेलं होतं, गेला महिनाभर उमटत होतं तसंच. ती त्याकडे बघत बसली. पालकसभेत भेटलेली अवनीची ठेंगणी आई तिला आठवली. नागपूरकडची. अवनीचे वडील कुठल्याशा मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. सभा संपल्यावर ती बाई मुद्दाम थांबली होती आणि दबक्या आवाजात म्हणाली होती, "तुम्ही मराठी ना? नावावरून वाटलं." कौसल्या. हो, कौसल्याच.

शनिवारी देवयानी मास्क लावून निघाली तेव्हा तिचा नवरा सुधन्वा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाला, "फोन कर ना यार. एवढ्या हवेत करोल बागेपर्यंत जायचं काही अडलंय का?"

"फोनवर ती अवनी होऊनच बोलेल."

"म्हणजे?"

"आल्यावर सांगते."

करोल बागेला मेट्रोतून उतरून तिने रिक्षा केली. बाजार नेहमीसारखा तुंबलेला होता. धुरक्यात दागिन्यांच्या दुकानांचे दिवे भर दुपारी लागले होते. सरकारी क्वार्टर्सच्या तिसऱ्या मजल्यावर दार अवनीच्या वडिलांनी उघडलं. अतुल गजभियेंनी तिला ओळखलं आणि त्यांचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"शाळेतून पाठवलं का तुम्हाला?"

"नाही. मी माझी आलेय."

ते बाजूला झाले. तिला खुर्ची दिली, पंखा लावला, पुन्हा बंद केला. मग आत बघून म्हणाले, "कौसल्या, मी दूध घेऊन येतो," आणि चपला पायात सरकवून निघूनच गेले. ओट्यावरचं दुधाचं पातेलं भरलेलं होतं, ते देवयानीला बसल्या जागेवरून दिसत होतं.

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक कपाट होतं. त्याच्या शेजारी बंद दार. स्वयंपाकघरात कणकेच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा ठेवला होता आणि त्याच्या पुढ्यात इतिहासाचं पुस्तक. उघडं राहावं म्हणून त्यावर लाटणं ठेवलेलं.

कौसल्या पाण्याचा पेला घेऊन आली. समोर बसली. मग म्हणाली, "मीच होते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

देवयानीने पाणी घेतलं. कौसल्याच सांगू लागली. आवाज खाली, मध्येमध्ये बंद दाराकडे नजर.

"दसऱ्याच्या सुट्टीनंतर ती शाळेत गेलीच नाही. आम्ही ताप म्हणून कळवलं. ताप नव्हता. सकाळी उठेना. अंघोळ नको, जेवण नको, बोलणं नको. यांना वाटलं, नाटक. रागावले. मग दोन दिवसांनी हेच तिच्या उशाशी बसून रडले. डॉक्टरांकडे नेतो आता, दर बुधवारी. गोळ्या चालू आहेत. वेळ लागेल म्हणतात."

"काही झालं होतं का? शाळेत, मैत्रिणींमध्ये?"

"सगळं विचारून झालं. काही नाही म्हणते. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक वेळी काही व्हावंच लागतं असं नाही. ते मला अजून पटत नाही. काहीतरी असतं तर बरं झालं असतं. जाऊन भांडले असते."

बाहेर कुणीतरी जिना चढून गेलं.

"मग दिवाळी आली, आणि सुट्टी संपली तर ही हवा. शाळा मोबाइलवर. हजेरी कमी पडली तर बोर्डाला बसू देत नाहीत असं बाकीच्या आया म्हणत होत्या. म्हणून मी लिंक लावली. नुसतं तिचं नाव हजर दिसावं, एवढंच ठरवलं होतं. पण कानावर पडतंच ना. पोळ्या लाटता लाटता ऐकायला लागले. गणिताचं काही समजत नाही मला. इतिहास कळतो."

"टेबलाचा प्रश्न तुमचा?"

कौसल्या पहिल्यांदा किंचित हसली. "माझाच. संध्याकाळी तिच्या पलंगाशी बसून मी सांगते तिला, आज मॅडमनी काय घेतलं. तिचं तोंड भिंतीकडे. ऐकते की नाही, कळत नाही. त्या दिवशी सांगितलं, अगं, मी टेबल गोल होतं का विचारलं, सगळी पोरं हसली तुझ्या नावाने. तर तिचा खांदा हलला. रडली असेल, नाहीतर हसली असेल. मी हसली असंच धरलं."

"आणि पुणे कराराचं?"

"त्याचं काही नाही." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझे आजोबा सांगायचे त्यातलं थोडं. ते मी तिला आदल्या रात्री सांगितलं होतं. म्हटलं, उद्या मॅडम नीट सांगतील. तुम्ही पुढे गेलात, तर मला वाटलं नेट अडकलं."

देवयानीने पेला खाली ठेवला. ती अठरा वर्षं हा धडा शिकवत होती आणि अठरा वर्षं तो दोन मार्कांचाच होता.

"कौसल्याताई," ती शेवटी म्हणाली, "मला ही हजेरी खोडावी लागेल. महिन्याची सगळी. मी प्रिन्सिपलना आजारपणाचं सांगेन. डॉक्टरांचं सर्टिफिकेट द्या. तुम्ही लिंकवर बसत होतात, ते सांगायची गरज नाही."

"खोडा."

तिने इतक्या सहज म्हटलं की देवयानी तिच्याकडे बघत राहिली.

"तिचं वर्ष..."

"यंदा नाही बसवायचं तिला. गेल्या आठवड्यातच ठरलं आमचं. हे म्हणाले, पोरगी राहिली तर परीक्षा दर वर्षी आहे."

"मग कालही तुम्ही वर्गात होतात."

कौसल्या उत्तर देणार, तेवढ्यात देवयानीच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. त्याच क्षणी ओट्यावरचाही वाजला. कौसल्या उठली, डोळ्यांपासून लांब धरून तिने वाचलं. देवयानीनेही वाचलं. हवेत सुधारणा झाल्याने सोमवारपासून शाळा नियमित भरेल. सर्व ऑनलाइन वर्ग बंद. खाली टाळ्यांची चित्रं एकामागून एक येत होती.

"म्हणजे लिंक बंद," कौसल्या म्हणाली.

"हो."

"सोमवारपासूनच?"

"हो."

ती मोबाइल हातात धरून उभीच राहिली. "तुम्हाला सांगू? रोज उठल्यावर मी आधी हवेचा आकडा बघायचे. सगळी दिल्ली खोकत होती. शेजारची दीपमाला, तिचं तान्हं बाळ वाफेच्या यंत्रावर. आणि आकडा चारशेच्या वर दिसला की मला बरं वाटायचं. आजचा दिवस मिळाला म्हणून." तिने मोबाइल पुन्हा डब्याला टेकवून ठेवला, मग उचलून पालथा घातला. "पाप लागेल मला."

देवयानीने त्या पालथ्या मोबाइलकडे पाहिलं.

"परीक्षेसाठी नव्हतं हो ते, मागाहून. संध्याकाळी तिच्याजवळ बसायला काहीतरी लागतं. नुसती बसले की तिला कळतं, मी तिच्याकडे बघतेय. धडा असला की कसं, ती भिंतीकडे, मी पुस्तकाकडे. दोघींना बरं पडतं." ती ओट्याला टेकली. "आता सोमवारी काय सांगू तिला?"

खालून भंगारवाल्याची हाळी आली आणि लांब गेली. देवयानीच्या मनात बरीच वाक्यं येऊन गेली. मी फोन करून सांगत जाईन. मी रेकॉर्ड करून पाठवीन. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि फेब्रुवारीत, पेपरांच्या गठ्ठ्यांमध्ये, प्रत्येक वाक्य बुडणार होतं. अठरा वर्षांत ती स्वतःला तेवढी ओळखत होती. तिने त्यातलं एकही उच्चारलं नाही.

"आज काय सांगणार होतात?" तिने विचारलं.

"आज शनिवार. शनिवारी कुठे असतो वर्ग?"

देवयानी उठली. ओट्यापाशी जाऊन लाटणं बाजूला केलं आणि पुस्तक उचललं. पानाला कणीक लागली होती.

"मी जाऊ आत?"

कौसल्या क्षणभर घुटमळली. मग पुढे होऊन तिने दार ढकललं.

खोलीत पडदे ओढलेले होते. औषधांचा आणि न उघडलेल्या खोलीचा वास होता. पलंगावर रजईचा एक लांबट उंचवटा, वर थोडे केस. टेबलावर पट्ट्या, पेनं, रंगीत कागदाचे तुकडे लावलेली गाईडं नीट रचून ठेवलेली. कुणीतरी रोज पुसत असावं, धूळ नव्हती.

देवयानी स्टूल ओढून बसली. "अवनी," ती म्हणाली. "मी आलेय. मैम."

रजई हलली नाही.

तब्येतीचं काही विचारायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पुस्तक उघडलं, पण त्या अंधारात अक्षरं लागत नव्हती. तिने ते मिटून मांडीवर ठेवलं. वर्गात तिचं पहिलं वाक्य नेहमी तयार असे, कुठल्या प्रश्नाला किती मार्क इथून सुरू होणारं. आता तसं वाक्य सुचलं नाही.

"पुढचा धडा छपाईचा आहे," ती मराठीत म्हणाली. अवनीशी ती मराठीत पहिल्यांदाच बोलत होती. "छापखाने यायच्या आधी पुस्तकं हाताने लिहून काढायचे. एकेका पोथीला महिने लागायचे. लिहिणारा दमला की अक्षर वाकडं व्हायचं. अशा पोथ्या मी पाहिल्यात. कुठे दमला, ते आपल्याला दिसतं. मग थोडं थांबून तो पुन्हा लिहायला लागलेला असतो."

हे पुस्तकात नव्हतं. ती हळूहळू सांगत गेली. कागद कसा करत, शाई कशाची, चुकलेली ओळ कशी खोडत. मध्ये थांबली तेव्हा तिला कळलं की कौसल्या उंबऱ्याशी जमिनीवर येऊन बसली आहे. बाहेर अतुलरावांनी कुलूप उघडल्याचा आवाज झाला. ते आत आले नाहीत. दुधाची पिशवी हातात घेऊन बाहेरच्या खोलीत उभे राहिले असावेत.

पडद्याच्या फटीतला उजेड उतरत गेला. देवयानीचा घसा धरला होता. ती खोकली आणि पुन्हा सांगू लागली. केव्हातरी, नक्की कुठल्या वाक्याला ते तिच्या लक्षात आलं नाही, अवनीने कानावरची रजई खाली केली.

वळली मात्र नाही.