ओली पुडी

रखमाजीनं गळ्यातली तुळशीची माळ काढून शेडमधल्या खिळ्याला अडकवली, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ भिमाजी अंगणात उभा राहून त्याच्या आईबापाचा उद्धार करत होता. दोघांचे आईबाप एकच, हे त्या घडीला दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

माळ गळ्यात असताना कुणावर हात उचलायचा नाही, ही त्यांच्या बापानं, श्रीपतीबुवानं घालून दिलेली शिस्त. बुवा जाऊन वीस वर्षं झाली, पण दोघा भावांनी ती मोडली नव्हती. माळ काढून ठेवली तर काय, हे मात्र बुवांनी कधी सांगितलं नव्हतं. ही पळवाट रखमाजीला तरुणपणीच सापडली होती आणि आजवर त्यानं ती दोनदा वापरली होती. एकदा बांधावरच्या भांडणात, एकदा कंपनीच्या गेटावर. दोन्ही वेळा समोरचा माणूस उचलून न्यावा लागला होता.

अंबूबाईनं, त्याच्या बायकोनं, खिळ्यावर डुलणारी माळ पाहिली आणि तिच्या हातातलं ताकाचं भांडं तसंच राहिलं.

झालं होतं ते असं. वराळ्याच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर रखमाजीनं इंदुरीतल्या घरामागं पत्र्याची शेड टाकली आणि पखवाज दुरुस्तीचा नाद लावून घेतला. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांचे पखवाज त्याच्याकडे येत. नवी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, चढवायची, चामड्याची वादी ओढायची, वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर लावायचा. तासन् तास त्यात गेले तरी त्याला भूक लागत नसे. पण मे महिन्यात तो पत्रा असा तापे, की खाली उभ्या माणसाचा मेंदू उकडून निघावा. गेल्या साली भर दुपारी भोवळ येऊन तो रंध्यावरच कोसळला होता, कपाळाला चार टाके पडले होते. डॉक्टरांनी बजावलं, की एवढं ऊन पुन्हा डोक्यात गेलं तर टाक्यांवर भागणार नाही.

तेव्हापासून तो सावध झाला. पत्र्याला चुना मारला, वर गोणपाटं अंथरून त्यांवर पाणी सोडलं, कामाला पहाटे पाचला बसून नवाच्या आत जड काम उरकू लागला. दुपारचं हलकं काम मानेवर ओला पंचा टाकून. आणि कोपऱ्यात वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर. फक्त एक नेम पाळायचा: कूलर लावला की ओल्या पुडीचा पखवाज ओसरीवर न्यायचा. माणसाला गारवा लागतो, कातड्याला कोरडा वारा. कूलरची दमट हवा खाल्ली की पुडी लोळागोळा होते.

गावातल्या हरिनाम सप्ताहाचा काल्याचं कीर्तन उद्यावर आलं होतं, आणि त्यात वाजायचा होता तो बुवांचा पखवाज. मरताना बुवांनी तो भिमाजीच्या हवाली केला होता. शिकवलं दोघांना, पखवाज दिला एकाला. रखमाजी त्यावर कधी बोलला नव्हता. वाजवायचं मात्र त्यानं त्या दिवसापासून सोडलं होतं. त्याच पखवाजाला त्यानं आदल्या दिवशी नवी पुडी भिजवून चढवली, हुश्श करून कूलर लावला आणि पखवाज ओसरीवर न्यायच्या आधी जरा टेकावं म्हणून बाकड्यावर आडवा झाला. जाग आली ती दिवेलागणीला. पुडीवर थाप मारली तर ओल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज.

खरं बोलायला तीच वेळ होती. भिमाजीला बोलावून सांगायचं, की बाबा, झोप लागली, चुकलो, दुसऱ्या गावाहून पखवाज आणू. पण धाकट्यापुढं, तेही त्याच पखवाजापायी, मान खाली घालायची? रखमाजीनं हातोडी घेतली आणि कातडं ओलं असतानाच गठ्ठे ठोकत गेला. सूर येईपर्यंत ठोकले. आला. कोरडं झाल्यावर हे कातडं आणखी आखडणार, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत होतं?

सकाळी भिमाजी आला, पखवाज मांडीवर घेऊन अंगणातल्या उन्हात बसला. कणीक मळून आणली होती, ती धुमेवर, डाव्या तोंडावर, थापली, देवाचं नाव घेतलं आणि वाजवू लागला. रखमाजी दारात उभा राहून ऐकत होता. अर्धा तास ऊन खाल्लं पुडीनं. मग एका थापेसरशी फट्ट असा आवाज झाला आणि कातडं कडेपासून मधल्या काळ्या शाईपर्यंत उभं फाटलं.

भिमाजीनं फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. कातड्याची आतली बाजू अजून दमट होती.

"ओल्यात ताणली तू," तो म्हणाला. "कूलर लावून झोपला आसशील."

"उनात तू बसलास," रखमाजी म्हणाला. "माझ्यावर कशाला घालतो?"

तिथून ते पेटलं. भिमाजीनं आधी शिव्या घातल्या, मग आत येऊन कूलरला लाथ घातली. टाकीतलं पाणी भळभळा शेडभर झालं. तोवर माळ खिळ्यावर गेली होती. रखमाजीनं भावाच्या मानेला धरून त्याला पत्र्यावर आदळलं, एकदा, दोनदा, तापलेला पत्रा नगाऱ्यासारखा वाजला. भिमाजीच्या नाकातून रक्ताची धार लागली. त्यानं हाताला लागेल ते उचललं. ती लाकूड तासायची पटाशी होती, मूठ हातात, पातं बाहेरच्या अंगाला. रखमाजीच्या दंडावर चार बोटं लांब चर पडली. रखमाजीला ती दुखली नाही. त्याला फक्त गरम वाटलं, आणि त्या गरमीनं त्याला आणखी चेव आला. त्यानं भावाच्या पोटात गुडघा घातला, तो वाकला तसं त्याचं डोकं बाकड्यावर दाबलं. ओल्या जमिनीवरून पाय घसरून दोघं खाली पडले, उठले, पुन्हा पडले. पाण्यात रक्ताचे दोरे पसरत गेले. अंबूबाई दारातून नवऱ्याला नावानं हाक मारत होती. लग्नानंतर तिनं त्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं, आणि तेही त्याच्या कानात शिरलं नाही.

शेवटी भिमाजी बाकड्याशी सापडला. रखमाजीनं त्याचा डावा हात फळीवर पसरून गुडघ्याखाली दाबला आणि उजव्या हातात हातोडी घेतली. गठ्ठे ठोकायची, त्यांच्या बापाची हातोडी.

भिमाजीनं वर पाहिलं. शिव्या थांबल्या होत्या.

"दादा, हात न्हाई," तो म्हणाला. "बाकी कुटंबी मार."

रखमाजीनं मारली. दोन बोटांचा आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा.

मग शेडमध्ये कूलरचा मोडका पंखा तेवढा खडखडत राहिला. रखमाजीच्या हातून हातोडी सुटली. भावाचा हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत धरला, मानेवरच्या ओल्या पंच्यानं गुंडाळला, आणि त्याचं स्वतःचंच अंग असं थंडगार पडलं, की मे महिन्यात सकाळी अकरा वाजता त्याचे दात वाजू लागले. तळेगावच्या दवाखान्यात त्यानं भावाला रिक्षातून नेलं. डॉक्टरांनी विचारलं, तर भिमाजी दारात बोटं सापडली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढच्या मांडवात काल्याच्या कीर्तनाला गाव लोटलं. वराळ्याहून पखवाज आणला होता, वाजवणारा मात्र मिळाला नव्हता. महाराज वीणा घेऊन उभे होते, टाळकरी रांगेत, आणि पखवाज मधे तसाच आडवा. रखमाजी पार मागं, मांडवाच्या खांबाशी, दंडाला पट्टी, गळा मोकळा. माळ त्यानं खिळ्यावरून काढली नव्हती. कुठल्या तोंडानं काढायची?

भिमाजी आला तो शेडकडून. डावा हात प्लास्टरमध्ये, नाक सुजून टोमॅटोसारखं. गर्दीतून वाट काढत तो थेट खांबाशी आला. उजव्या हातात माळ होती. ती त्यानं भावाच्या डोक्यावरून गळ्यात घातली. एका हातानं घालताना ती कानात अडकली, ती सोडवली.

"ही आता काढायची न्हाई," तो हळू म्हणाला. "काढलीस की मला तुजं भ्या वाटतं. चल, बस वाजवायला."

रखमाजी म्हणाला, की वीस वर्षं वाजवायला हात लावलेला नाही. भिमाजी म्हणाला, की काल तर हात चांगला चालत होता. हे बोलताना तो हसला नाही, आणि रखमाजीला वर बघवलं नाही.

तो बसला. भिमाजी त्याच्या उजव्या कानाशी टेकला आणि बोल पुटपुटू लागला, बुवा सांगायचे तसे, एकेक, सावकाश. पहिल्या चरणाला हात अडखळला. दुसऱ्याला कमी. मांडव तापला होता, दोन हजार माणसांचा श्वास आणि वरून कापडातून उतरणारं ऊन. घाम रखमाजीच्या डोळ्यांत उतरत होता, पट्टीतून रक्त झिरपून कोपरापर्यंत आलं होतं. मांडववाल्या दत्तोबाला दया आली. पाण्याचा फवारा मारणारा मोठा पंखा त्यानं ओढत आणला आणि रखमाजीच्या तोंडासमोर लावला. गार तुषार अंगावर आले, मागच्या बायकांनी सुस्कारा सोडला.

रखमाजीचे हात थांबले नाहीत. त्यानं नुसती मान वळवली.

"दत्तोबा, बंद कर ते. पुडी भिजंल."

पंखा बंद झाला. मांडवात पुन्हा उकाडा दाटला. भिमाजीनं खांद्यावरचं उपरणं काढून आधी वाजवणाऱ्याचं कपाळ पुसलं, मग आपलं, आणि पुढचा बोल सांगितला.